यादीतलं दुसरं नाव

"आता ताईंची जागा रिकामी ठेवण्यात अर्थ नाही," आरवाडे साहेब म्हणाले आणि त्यांनी भडंगाची बशी माझ्याकडे सरकवली. "खावा की शेडबाळे. हल्ली तुम्ही काही खातच नाही."

मी चार दाणे उचलले. समोर हेर्लेकर आणि चिमड बसले होते. शेजारी बसून जेवढी पाठ फिरवता येते तेवढी त्यांनी एकमेकांकडे फिरवली होती. दोघांच्या हातात एकेक कागद होता.

ताई म्हणजे माझी बायको, शैलजा. ती आमच्याच कंपनीत होती. तिला जाऊन आठ महिने होत आले होते. जागा म्हणजे तिची खुर्ची नव्हे. खुर्ची तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी चिमडने नेली होती, कारण तिला मानेमागे उशी होती. साहेब बोलत होते ती जागा यादीतली होती.

ही यादी काय होती ते सांगायला हवं.

आमची कंपनी मिरजेत होती आणि रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. कुठली पिशवी कुणाकडून आली, गट कुठला, कधीपर्यंत चालेल, कुणाला दिली, एवढं सगळं त्यात असायचं. तेवीस रक्तपेढ्या ते वापरत होत्या. आम्हा सगळ्यांचा कोड सर्व्हरवर एका ठिकाणी असायचा. त्याला आम्ही रेपो म्हणायचो. दुपारी एक वाजता त्यात जे काही असेल ते आपोआप तेवीस ठिकाणी जायचं.

आधी त्यात कुणीही काहीही बदलू शकत होतं. मग २०१३ चा दसरा आला. ऑफिसात पूजा झाली, कीबोर्डांना झेंडूची फुलं वाहिली, सर्व्हरला हळदकुंकू लावलं. साहेब पूर्वी औषधांची एजन्सी चालवायचे आणि दरवर्षी नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहायचे. त्यांनी हेर्लेकरला विचारलं, "आपल्या मशीनची मेन वही कुठली?" हेर्लेकरने मुख्य फाइल उघडून दिली. साहेबांनी पहिल्या ओळीत '॥ श्री ॥' टाइप केलं, सेव्ह केलं आणि सगळ्यांना आपट्याची पानं वाटली.

एक वाजता तेवीस रक्तपेढ्या बंद पडल्या.

फोन घेता घेता सगळ्यांचे कान तापले. दहा मिनिटांत शैलजाने चूक शोधून काढली आणि ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"श्रीमुळे काम बंद पडेल?" साहेब दुखावले होते. "उलट व्हायला पाहिजे."

"श्रीमुळे नाही साहेब. तिथे कोडशिवाय दुसरं काही चालत नाही."

"मग पुसणार तुम्ही?"

"पुसत नाही."

तिने खरंच पुसलं नाही. दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांचं ते हॅशचं चिन्ह तिने श्रीच्या आधी घातलं. ओळीच्या सुरुवातीला हॅश असलं की मशीन ती ओळ वाचत नाही. माणसाला दिसते, मशीन पुढे जातं. श्री जागेवर राहिला आणि रक्तपेढ्या सुरू झाल्या.

त्यानंतर तिने यादी केली. यादीत नाव असेल त्यालाच बदलाला मंजुरी देता येईल. कुठल्याही बदलाला यादीतल्या दोघांची मंजुरी लागेल. पाठवणारा स्वतः यादीत असेल तर त्याची एक धरायची, दुसरी वेगळ्या माणसाची. बाकी कुणीही बदल पाठवावा, पण तो रांगेत थांबणार. ही यादीसुद्धा रेपोतच एका फाइलमध्ये होती, त्यामुळे यादी बदलायची तरी तेच दोन जण लागणार.

साहेबांनी हुकूम काढला की नावं पाचच हवीत, कारण पाच आकडा शुभ. आणि पहिलं नाव त्यांचं हवं.

शैलजाने पहिलं नाव त्यांचं घातलं. त्याच्या आधी हॅश घातलं.

"माझ्या एकट्याच्याच नावाला हे काय लावलंय?" साहेबांनी विचारलं होतं.

"मानाचं आहे साहेब," ती म्हणाली होती. आमच्याकडे बघायचं तिने टाळलं होतं.

साहेबांनी ती यादी छापून, फ्रेम करून केबिनमध्ये लावली. वर हॅशसकट ते, खाली शैलजा, मग मी, हेर्लेकर आणि चिमड. हॅशचा अर्थ ऑफिसात साहेब सोडून सगळ्यांना माहीत होता आणि कुणी कधी सांगितला नाही. हेर्लेकर आणि चिमड एसी बावीसवर ठेवायचा की सव्वीसवर यावरून दोन वर्षं बोलत नव्हते, पण या एका बाबतीत त्यांची एकी होती.

तर अशी ती यादी, आणि त्यातल्या दुसऱ्या नावावरून ही मीटिंग. शुक्रवार होता, २६ फेब्रुवारी २०१६.

"मी प्रस्ताव आणलाय," हेर्लेकर म्हणाला. त्याच्या प्रस्तावात त्याचा मेव्हणा होता.

"मीपण आणलाय," चिमड म्हणाला. त्याच्यात भाचा होता.

"दोघेही हुशार आहेत, मी पाहिलंय," साहेब म्हणाले. "पण हेर्लेकर चिमडच्या माणसाला मत देणार नाही आणि चिमड हेर्लेकरच्या. म्हणजे शेडबाळे, तुम्ही ज्याला द्याल तो."

"मी कुणालाच देत नाही."

"का ओ?"

"दोन्ही कागदांची पहिली ओळ एकच आहे. शैलजाचं नाव काढा."

हेर्लेकरने भडंगाची बशी स्वतःकडे ओढली. मग हेर्लेकर हळू आवाजात म्हणाला, "शेडबाळे, वहिनी आमच्यापण होत्या. त्यांच्या जागी कुणी लायक माणूस आला तर त्यांनाच बरं वाटेल."

"आणि लायक म्हणजे याचा मेव्हणा," चिमड भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला.

"भावना आहेत, मान्य," साहेब म्हणाले. "पण कंपनी भावनेवर चालत नाही."

तेवढ्यात दार वाजलं आणि तबस्सुम मुजावर आत आली. तिच्या हातात दिनदर्शिका होती, खिळ्यावरून काढून आणलेली.

तबस्सुम पस्तिशीची. आमच्याकडे येण्याआधी तिने नऊ वर्षं रक्तपेढीत टेक्निशियनचं काम केलं होतं. शिक्षण डीएमएलटी, म्हणजे लॅबची पदविका. आम्ही तिला ग्राहकांच्या तक्रारी ऐकायला घेतलं होतं. तक्रारी ऐकता ऐकता ती शैलजाशेजारी बसून कोड शिकली. पहिल्यांदा फक्त चूक कुठे आहे ते सांगायची, मग दुरुस्त करून द्यायची. यादीत नाव नसल्यामुळे तिचे बदल दुसऱ्यांच्या नावाने जायचे. आदल्या वर्षी उत्कृष्ट कर्मचारी म्हणून हेर्लेकरला प्रेशर कुकर मिळाला तो तिच्या कामावर. त्यानेही मोठ्या मनाने तिला आभाराचा मेसेज पाठवला होता.

"साहेब, सोमवारच्या आत बघायला पाहिजे असं आहे," ती म्हणाली. "पिशव्यांच्या तारखा चुकायला लागल्यात."

"बसा की," साहेब म्हणाले. बसायला खुर्ची नव्हती. ती उभीच राहिली.

"प्लेटलेटची पिशवी पाच दिवस चालते. परवा, चोवीसला घेतलेली पिशवी एकोणतीसपर्यंत चालणार. आपलं सॉफ्टवेअर एक मार्च दाखवतंय. एक दिवस जास्त. लाल पेशींच्या पिशव्यांचं पण तसंच."

"तारखा काढायचं ते फंक्शन माझं आहे," हेर्लेकर म्हणाला. "तीन वर्षं व्यवस्थित चाललंय."

"तीन वर्षांत एकोणतीस फेब्रुवारी आला नाही सर."

तिने दिनदर्शिका टेबलावर ठेवली. आम्ही चौघेही त्या तारखेकडे बघत राहिलो, जणू ती तिनेच छापून आणली होती.

"एका दिवसाने काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"प्लेटलेट थंड ठेवत नाहीत साहेब. दिवस उलटला तर त्यात जंतू वाढू शकतात. आणि ज्याला चढवतात तो माणूस आधीच आजारी असतो."

मी दिनदर्शिकेवरून नजर काढली. शेवटच्या दोन महिन्यांत शैलजाला प्लेटलेटच्या एकवीस पिशव्या चढल्या होत्या. प्रत्येक पिशवीवरची तारीख ती स्वतः वाचायची. नर्सला वाटायचं, बाई घाबरट आहे. ती आपलं काम तपासत होती.

"दुरुस्ती केलीये का?" मी विचारलं.

"अकरा ओळी आहेत. सकाळीच पाठवल्यात. रांगेत आहेत."

मी भिंतीवरच्या पडद्यावर रांग लावली. सगळ्यात वर तबस्सुमचा बदल होता. मी अकरा ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि मंजुरीचं बटण दाबलं. 'मंजुरी : एक' असं आलं.

"हेर्लेकर?"

"मी मंजुरी दिली म्हणजे माझी चूक होती असं होईल. मार्चमध्ये अप्रेझल आहे."

"चिमड?"

"माझी तयारी आहे. भाच्याचं नाव यादीत आलं की दोन मिनिटांत करतो."

"चिमड, रक्ताचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"भाचापण रक्ताचाच आहे."

साहेब एकदम उठले. "काय लावलंय तुम्ही? मी देतो मंजुरी. पहिलं नाव माझं आहे!"

हेर्लेकरने बशीतले दाणे निवडायला घेतले. साहेबांनी चष्मा लावला, माउस धरला आणि जोरात बटण दाबलं. पडद्यावर 'मंजुरी : एक' तसंच राहिलं. त्यांनी पुन्हा दाबलं.

"सर्व्हर स्लो आहे," चिमड म्हणाला.

"हो, शुक्रवारी होतो," हेर्लेकर म्हणाला. दोन वर्षांत ते एकमेकांशी बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

"होईल मग सावकाश," साहेब समाधानाने बसले. "माझ्याकडून झालं."

"हे रांगेत सगळ्यात खाली काय पडलंय?" चिमड पडद्याकडे बघत म्हणाला. "दोनशे साठ दिवस? साफ करा ना रांग."

"ते राहू दे," मी म्हटलं आणि पडदा बंद केला.

तबस्सुम मुकाट्याने दिनदर्शिका उचलून गेली. दारातून बाहेर पडताना मी साहेबांना विचारलं, "आणि ती जागा मुजावर बाईंना दिली तर?"

साहेबांनी दार लोटून घेतलं. "शेडबाळे, बाई चांगली आहे. पण डिग्री नाही. उद्या एखाद्या डॉक्टरला कळलं की टेक्निशियन बाई कोड बदलते, तर काय उत्तर देऊ?"

"तीच सध्या बदलते. नाव तेवढं दुसऱ्याचं असतं."

"मग चाललंय की व्यवस्थित," साहेब म्हणाले.

दुपारी हेर्लेकर मला जिन्यात भेटला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "एक सुचवू? राग मानू नका. वहिनींचं नाव अजून यादीत आहे. त्यांचा पासवर्ड तुमच्याकडे असणारच."

"मग?"

"त्यांच्या नावाने लॉग इन करा, मंजुरी द्या. तुमची एक, त्यांची एक, झाल्या दोन. माझ्यावर काही येत नाही, चिमडचा भाचापण बसत नाही. कोण बघायला येतंय?"

मी जिना उतरायला लागलो. वाईट वाटलं ते त्याचं नव्हे. मलाही ते मीटिंगमध्येच सुचलं होतं.

शनिवारी तबस्सुमने तेवीस रक्तपेढ्यांना फोन लावायला सुरुवात केली. पहिल्याच ठिकाणी उत्तर मिळालं, "कॉम्प्युटर एक मार्च दाखवतोय आणि तुम्ही तोंडी एकोणतीस सांगताय. आम्ही कुणाचं धरायचं? लेखी द्या." ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "लेखी दिलं म्हणजे चूक झाली असं होतं. तोंडीच जरा जोर देऊन सांगा." तिने जोर देऊन सांगितलं. संध्याकाळपर्यंत सात जणांनी ऐकलं. सोळा राहिले.

रविवारी सकाळी मी घरी शैलजाचा लॅपटॉप काढला. कपाटात साड्यांखाली होता. तो चार्ज व्हायला एक तास लागला. तेवढ्यात मी चहा केला, दोन कप झाला. अजून मला एक कप चहा करता येत नव्हता.

पासवर्ड मला माहीत होता. आम्ही एकाच वर्गात शिकलेलो, लपवाछपवी कधी नव्हती. मी तिच्या नावाने आत गेलो. तबस्सुमचा बदल समोर होता, त्याच्या खाली मंजुरीचं बटण. मी आधी पलीकडचा दुसरा कप ओतून आलो. परत येऊन बसलो तेव्हा वरच्या पट्टीवर एक ओळ दिसली. माझ्या नावाने आत गेल्यावर ही ओळ अशी दिसत नाही, कारण ती पाठवणाऱ्याला दिसते.

'तुमचा एक बदल उदय शेडबाळे यांच्या मंजुरीसाठी थांबला आहे. दिवस : २६२.'

चिमडने साफ करायला सांगितलं ते हेच होतं. अकरा जूनला तिने ते पाठवलं. अंथरुणावर पडून, लॅपटॉप उशीवर ठेवून. नाव दिलं होतं 'किरकोळ बदल'. पाठवल्यावर मला म्हणाली होती, "तुझ्याकडे एक आलंय. बघ सावकाश."

मी म्हटलं होतं, "उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात हलवलं. तीन जुलैला ती गेली. त्यानंतर मी रोज रांग उघडायचो आणि ती ओळ बघायचो. आकडा रोज एकाने वाढायचा. उघडली मात्र नाही. तिने माझ्यासाठी ठेवलेलं तेवढंच एक शिल्लक होतं. उघडून वाचलं असतं तर तेही संपलं असतं. यादीतून नाव काढू देत नव्हतो तेही याच कारणाने. नाव गेलं की तिचे थांबलेले बदल रांगेतून आपोआप निघून जातात. हे मी मीटिंगमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतं.

आता ती ओळ तिच्या बाजूने वाचली. दोनशे बासष्ट दिवस ती थांबली होती आणि थांबवणारा मी होतो.

मी तिच्या नावातून बाहेर पडलो. माझ्या नावाने आत गेलो आणि तो बदल उघडला.

बदल यादीच्या फाइलमध्ये होता. दोनच ओळी. पहिल्या ओळीत तिचं स्वतःचं नाव होतं आणि त्याच्या आधी हॅश घातलेलं होतं. दुसरी ओळ सगळ्यात खाली, नवी : तबस्सुम मुजावर.

खाली चार वाक्यं लिहिली होती.

'उदय, आपल्याला कोड कळतो, तबस्सुमला रक्त कळतं. साहेब डिग्रीवरून अडवतील, म्हणून मी असतानाच पाठवते, माझी एक मंजुरी धरली जाईल. माझं नाव पुसू नकोस, साहेबांसारखं मानाचं लाव. हसू नकोस.'

मी हसलो. मग ती चार वाक्यं पुन्हा वाचली.

दहा वाजून गेल्यावर मंजुरी दिली. तिची एक, माझी एक. तिचं नाव त्या क्षणापर्यंत यादीत होतं म्हणून तिची धरली गेली. पुढच्या क्षणी त्याच्या आधी हॅश आलं आणि मशीनने तिला वाचायचं सोडलं. रांगेत फक्त तबस्सुमचा बदल उरला. तोही आपोआप पुढे सरकला, कारण आता पाठवणारीचं नाव यादीत होतं. तिची एक, माझी शुक्रवारची एक.

मी तिला फोन लावला.

"तबस्सुम, रेपो बघा."

"सर, भात टाकलाय, दोन मिनिटं." मागे कुकरची शिट्टी झाली. हेर्लेकरच्यासारखा बक्षिसाचा नसावा. मग तिचा आवाज आला, "सर, हे आत गेलंय. दुसरी मंजुरी कुणी दिली?"

"तुम्हीच."

"माझं नाव कुठंय यादीत?"

"खाली बघा."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. तिने यादीतली दुसरी ओळपण बघितली असणार. "शैलजाताईंनी मला काहीच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"मलाही सांगितलं होतं असं नाही," मी म्हटलं. "पाठवलं होतं."

एक वाजता बदल तेवीस ठिकाणी गेला. एक वाजून दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला. तिने आपल्या जुन्या रक्तपेढीत फोन करून चोवीसची पिशवी बघायला लावली होती. तारीख एकोणतीस दिसत होती.

सोमवारी हेर्लेकर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "हे नियमात बसत नाही. मेलेल्या माणसाचा बदल कसा चालतो?"

"पाठवला तेव्हा जिवंत होती. उशीर मी केला."

"पासवर्ड वापरला असता तर परवडलं असतं," तो म्हणाला. आणि तक्रार करायला केबिनकडे गेला. मागोमाग चिमडही गेला. दोघांना एकत्र केबिनमध्ये शिरताना ऑफिसाने पहिल्यांदाच पाहिलं. पाच मिनिटांनी मलाही बोलावणं आलं.

साहेबांनी नवी यादी छापून घेतली होती आणि चष्मा लावून वाचत होते.

"सहा नावं झालीत," हेर्लेकर म्हणाला. "साहेब, तुमचाच नियम पाचाचा आहे."

"आणि डिग्री नाही," चिमड म्हणाला.

साहेबांनी हात वर करून दोघांना थांबवलं. त्यांचं बोट दुसऱ्या ओळीवर होतं.

"शेडबाळे, ताईंना मानाचं लावलंत?"

"तिनेच लावलं साहेब."

"योग्य केलं. माझ्यानंतर त्यांनाच शोभतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. मग बोटांवर मोजायला लागले. "हे बघा हेर्लेकर, मानाचे असतात ते मोजायचे नसतात. मी आणि ताई सोडून मोजा. चारच होतात. उलट एक कमीच आहे."

हेर्लेकरने चिमडकडे पाहिलं. साहेबांचं म्हणणं चुकीचं आहे हे सांगायला हॅशचा अर्थ सांगावा लागणार होता. आणि गंमत म्हणजे साहेबांचा हिशेब बरोबर होता. साहेबांनी जुनी फ्रेम उघडून नवी यादी आत सरकवली.

"एकोणतीस तारखेचं काय झालं हो शेवटी?" त्यांनी सहज विचारलं.

"झालं साहेब."

"झालंच असणार. माझी मंजुरी शुक्रवारीच होती. सर्व्हर स्लो होता एवढंच."

याला आता बरीच वर्षं झाली. साहेबांच्या मुलाने कंपनी चालवायला घेतली. हेर्लेकर आणि चिमडने मिळून दुसरी कंपनी काढली आणि सहा महिन्यांत ते पुन्हा बोलेनासे झाले. रेपो तबस्सुमच सांभाळते. तिच्या सहीशिवाय कुणाचाही बदल सहज आत जात नाही, आणि कुणाच्या डिग्रीबद्दल ती विचारत नाही.

गेल्या वर्षी मी काम सोडलं. जायच्या दिवशी एक बदल पाठवला. यादीच्या फाइलमध्ये, तिसरी ओळ, माझ्या नावाच्या आधी हॅश. शैलजाच्या बरोबर खाली. माझी एक मंजुरी धरली जाणार होती. दुसरी तबस्सुमची हवी होती.

बारा दिवसांनी मी तिला फोन केला.

"तबस्सुम, माझा एक बदल आहे तुमच्याकडे."

"आहे सर. रोज बघते."

"उघडलात?"

"नाही अजून."

"एकच ओळ आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, सावकाश बघा. मला दोनशे बासष्ट दिवस लागले होते.